दोन वर्षे न विकलेला नांगर

१८८९ च्या डिसेंबरात डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे इंग्लंडमधील कृषिरसायनतज्ज्ञ हिंदुस्थानात आले. इथली शेती सुधारायची तर काय करावे, हे पाहून सांगण्यासाठी सरकारने त्यांना पाठवले होते. वर्षभराहून अधिक काळ ते देशभर हिंडले आणि १८९३ साली त्यांचा जाडजूड अहवाल प्रसिद्ध झाला. तो आजही वाचावा असा आहे. हिंदुस्थानी शेतकरी अडाणी असतो ही साहेबी समजूत त्यांनी खोडून काढली आणि शेण चुलीत जात असल्यामुळे रान उपाशी राहते, हे नेमकेपणाने दाखवले. अवजारांच्या बाबतीत मात्र त्यांचे मत सावध होते. आहे त्या परिस्थितीत सुधारलेल्या अवजारांना फारसा वाव नाही, असे त्यांनी लिहिले. त्यामागची कारणे खरी होती. बैल लहान चणीचे. शेतकऱ्याच्या गाठीला पैसा नाही. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देतो आणि मोडला तर त्याच दिवशी नीटही करतो. लोखंडी नांगर मोडला तर तो घेऊन जायचे कुठे?

यानंतर दहाएक वर्षांतच बेळगावात एक माणूस लोखंडी नांगर ओतायला बसला. त्याने शेतीची पाहणी केली नव्हती. बाजारपेठेचा अंदाजही घेतला नव्हता. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर हे मुळात चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. काही रंग त्यांच्या डोळ्यांना वेगळे ओळखू येत नाहीत हे तिथे कळले, म्हणून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलले गेले. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला थोरल्या भावाकडे, रामूअण्णांकडे आले. दोघा भावांचे सायकलींचे दुकान होते. तिथून कडबा कापण्याचे यंत्र निघाले आणि मग नांगर.

तयार झालेले पहिले नांगर दोन वर्षे पडून राहिले. लोखंड लागले की जमीन नासते, तिला विष भिनते, असा शेतकऱ्यांत समज होता. कुठल्याही शहाण्या सल्लागाराने या टप्प्यावर धंदा बंद करायला सांगितले असते, आणि व्होल्करसाहेबांचा अहवाल त्याच्या मदतीला होताच.

नांगराच्या या गोष्टीत खोल शिरावे असे बरेच आहे. लाकडी नांगर माती चिरतो, लोखंडी नांगर ती पलटतो. कृष्णाकाठच्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा माजतात आणि त्यांची मुळे खोल जातात. लाकडी फाळाने ती तुटतात, पण तुटलेल्या प्रत्येक कांडीतून नवी हरळी उभी राहते. माणसे लावून कुदळीने रान खणून काढणे हाच त्यावर उपाय असे, आणि तो गरिबाच्या आवाक्याबाहेरचा होता. माती पलटून उन्हाळाभर तापली तर मात्र मुळ्या वाळतात. म्हणजे नांगराची गरज होती. पण गरज असणे आणि नांगर रानात टिकणे यांच्यामध्ये फाळ उभा होता. बिडाचा फाळ मऊ निघाला तर काळ्या मातीत बघता बघता झिजतो. फार कठीण निघाला तर पहिल्याच धोंड्यावर त्याचा तुकडा पडतो. ओतताना साच्यात जिथे लोखंडी तुकडा बसवला असेल तिथे रस झपाट्याने निवतो आणि पाठ कठीण होते. बाकीचा भाग वाळूत सावकाश निवतो आणि त्या मानाने चिवट राहतो. हे पुस्तकात वाचता येते. पण कुठल्या रानाला किती कठीण फाळ लागतो, बैलांच्या खांद्याला किती वजन झेपते, धरणाऱ्याच्या हाताला रुमणे कुठल्या उंचीवर हवे, हे सगळे नांगर बांधापलीकडे गेल्यावरच कळते. शेतकऱ्याची तक्रार ही त्या कारखान्याची खरी प्रयोगशाळा होती. तक्रार यायला आधी विकलेला नांगर लागतो आणि विकायला आधी ओतलेला नांगर लागतो. या क्रमाला दुसरी वाट नाही.

किर्लोस्कर वाचत नसत असे मात्र कोणी समजू नये. परदेशी यंत्रविषयक मासिके आणि पुस्तके मागवून त्यांचा फडशा पाडणारे ते गृहस्थ होते. फरक इतकाच की हातातले काम अडले की ते पुस्तक उघडत. पुढ्यात प्रश्न असला की दहा पाने महिनाभर पुरतात, आणि प्रश्नच नसला तर शंभर पुस्तकांनीही माणूस जागचा हलत नाही.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढवण्यासाठी कारखान्याची जागा हवी झाली आणि बिऱ्हाड उचलावे लागले. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी आधी औंधला सभामंडपाच्या बांधकामाचे काम दिले, मग बिनव्याजी कर्ज दिले आणि कुंडल रोड स्टेशनालगत ३२ एकर माळरान दिले. निवडुंगाने आणि नागांनी भरलेल्या त्या माळावर मार्च १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसायला लागली. सोबतीला शंभोराव जांभेकर, अनंतराव फळणीकर यांच्यासारखी, इंजिनियरिंगची पदवी नसलेली पण हाताने काम करणारी माणसे होती. राखणीला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे शिक्षा भोगून आलेले दोघे होते. कागदावर पाहिले तर हा सगळा बेत वेडेपणाचा दिसतो. पण रेल्वेच्या कडेला कारखाना आल्यामुळे फाळ झिजला तर दुसरा मागवता येऊ लागला आणि व्होल्करसाहेबांनी नोंदवलेली मोठी अडचण आपोआप हलकी झाली. साहेबांचे निरीक्षण चूक नव्हते. ‘आहे त्या परिस्थितीत’ या शब्दांवर त्यांनी सगळा भार टाकला होता, आणि परिस्थिती तर एकेक फाळ बदलत बदलतच पालटणार होती.

याच सुमारास, याच जे. जे. स्कूलमध्ये काही काळ शिकलेला आणखी एक मराठी माणूस मुंबईत असाच एका वेडाने झपाटला होता. धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९११ साली गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले देव पडद्यावर आणायचे असे ठरवले. फाळक्यांची कथा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून इथे तिच्यातला एकच भाग घेतो. सुरुवातीला त्यांनी अभ्यासाचाच मार्ग धरला. मिळतील ते चित्रपट पाहायचे आणि रात्र रात्र भिंगे नि फिती घेऊन बसायचे. या जागरणांनी त्यांच्या डोळ्यांवर घाला घातला आणि काही काळ दृष्टी जाते की काय अशी वेळ आली. डॉक्टरांनी डोळे वाचवले. मग १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसे चालते ते त्यांनी पाहिले, विल्यमसन कॅमेरा विकत घेतला आणि १ एप्रिलला ते परतले. तिथे जेमतेम दोन आठवडे राहिले असतील. त्या काळीही मागे राहून आणखी शिकणे शक्य होते, पण त्यांनी शिकणे मुंबईत आणले.

परतल्यावर त्यांनी लगेच हरिश्चंद्राला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा लावला आणि त्याचा अंकुर वाढताना थोडी थोडी फीत रोज टिपली. महिनाभराची वाढ मिनिटभरात पडद्यावर आली. ‘अंकुराची वाढ’ या छोट्या चित्रपटावर भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. फाळक्यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वासही त्यातूनच आला असणार, असे मला वाटते. कॅमेऱ्याचे हँडल किती वेगाने फिरवायचे, उजेड किती लागतो, फीत धुताना काय बिघडते, या सगळ्या चुका एका वाटाण्याच्या वेलावर निभावून गेल्या. कच्च्या फितीला भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या, फिती धुण्याचेही शिकल्या. चित्रपटासाठी दागिने गहाण पडले, तेही त्यांचेच. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामतीच्या कामाला स्त्री मिळाली नाही, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाला उभे करावे लागले. स्त्रिया तयार होईपर्यंत थांबायचे असे फाळक्यांनी ठरवले असते तर कदाचित ते थांबूनच राहिले असते. अपुरा का होईना, चित्रपट झाला आणि पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. समाजाची तयारीही अशी काम पाहून होते.

आता उलट बाजू, कारण ती टाळली तर हा लेख खोटा ठरेल. यशस्वी झालेल्यांचीच चरित्रे लिहिली जातात. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या लाटेत काड्यापेट्यांचे, साबणाचे, पेन्सिलींचे कितीतरी कारखाने निघाले आणि कितीतरी बुडाले. त्यांत घरे धुऊन निघालेल्या माणसांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत. करून पाहणाऱ्याला यश हमखास मिळते, असे म्हणणे ही त्या माणसांची क्रूर थट्टा होईल. पण त्या बुडालेल्या प्रयत्नांतूनही काही मागे उरले का, हा प्रश्न विचारायला हवा. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा मागत पैसा फंड उभा केला, लोकमान्यांनी त्याला बळ दिले, आणि १९०८ च्या सुमारास तळेगावला त्या पैशातून काचेचा कारखाना निघाला. शिकवणे आणि काच करणे एकाच छपराखाली चाले. तिथे हात भाजून घेतलेली मुले पुढे देशभरच्या काच कारखान्यांत पसरली. माणूस तयार झाला की तो कारखान्याबरोबर बंद पडत नाही.

आणि मग पानशेत. करून पाहण्याचे गोडवे गाणाऱ्या प्रत्येकाने १२ जुलै १९६१ ची सकाळ डोळ्यांपुढे ठेवली पाहिजे. आंबी नदीवरचे मातीचे धरण अजून पुरे झाले नव्हते. तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी अडवले गेले. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अर्धवट होते, दरवाजे नीट हलत नव्हते, मोरीवरचा भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटले, खाली खडकवासल्याची १८७९ ची भिंतही टिकली नाही, आणि दुपारपर्यंत नदीकाठचे पुणे पाण्याखाली गेले. हजारो कुटुंबे रस्त्यावर आली. पुण्यात जुन्या घरांच्या भिंतींवर पाण्याची ती खूण आजही दाखवतात. चौकशी आयोगाचे काम मध्येच खंडित झाले आणि नव्या आयोगाला ते पुन्हा हाती घ्यावे लागले.

पानशेतची घाई आणि बेळगावचा नांगर यांना एकाच मापाने मोजता येत नाही. फाळ मोडला तर नुकसान किर्लोस्करांचे, आणि तेही एका फाळाचे. धरण फुटले तर नुकसान अशा माणसांचे, ज्यांना कुणी विचारलेच नव्हते. आपल्या पदरच्या खर्चाने, लहान मापावर, मागे फिरता येईल अशा बेताने केलेली चूक ही शिकवणी असते. दुसऱ्याच्या जिवावर केलेली चूक हा गुन्हा असतो. धरण, औषध, लस, पूल या ठिकाणी शंभर वेळा तपासा, आणि तारीख गाठायची म्हणून एकही कडी गाळू नका. पण हा नियम सरसकट सगळीकडे लावून, बांधावर चर खणायलाही तज्ज्ञांची समिती नेमायची, हा आपल्याकडचा दुसरा रोग आहे. पहिल्याइतकाच तोही माणसे मारतो, फक्त सावकाश.

महाराष्ट्राच्या पाण्याचा इतिहास पाहा. १९६२ चा बर्वे आयोग, १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल, १९९९ चा चितळे आयोगाचा अहवाल, नंतर केळकर समिती. यांतले एकही काम टाकाऊ नाही. वि. म. दांडेकरांनी विभागाविभागातला अनुशेष आकड्यात मांडला म्हणून तर मराठवाडा आणि विदर्भ यांच्या तक्रारीला बोलण्याचे बळ आले. मोजमाप हवेच. पण मोजण्यालाच काम समजायची सवय राज्याला लागली. अनुशेष मोजला गेला, पुन्हा मोजला गेला, त्याच्या मोजण्याच्या पद्धतीवर वाद झाले, आणि टँकर चालूच राहिले.

१९७२ च्या दुष्काळात पुण्याचे एक कारखानदार पुरंदर तालुक्यात गेले. विलासराव साळुंखे यांचा धंदा अचूक मोजमापाची उपकरणे करण्याचा होता, शेतीचा नव्हे. रोजगार हमीवर हजारो माणसे खडी फोडताहेत, पण त्या खडीतून पुढच्या वर्षीचे पाणी उभे राहत नाही, हे त्यांना खटकले. नायगावला देवस्थानची १६ हेक्टर उजाड, उताराची जमीन त्यांनी कराराने घेतली आणि तिथेच मुक्काम ठोकला. उतारावर बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, तलावाखाली विहीर खणली, विहिरीचे पाणी वर चढवले. पाऊस तेवढाच होता, पण रान पिकू लागले. १९७४ साली ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापन झाले आणि आसपासची गावे विचारायला येऊ लागली.

पाणी आल्यावर ते वाटायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला, आणि साळुंख्यांचे खरे मोठेपण मला इथे दिसते. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, हा रूढ हिशेब त्यांनी मोडला. पाणी माणशी द्यायचे. माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबाला अडीच एकरांची मर्यादा. भूमिहीनालाही त्याचा वाटा. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकला जाणार नाही. खर्चाचा काही भाग गावाने स्वतः उचलायचा. पाणी पंचायतीचे हे नियम आज विद्यापीठांतून शिकवले जातात. पण ते विद्यापीठात सुचले नाहीत. एका विहिरीचे पाणी चाळीस घरांत कसे पुरवायचे, ही भांडणे रात्री देवळात बसून ऐकल्याशिवाय असे नियम सुचतच नाहीत. पाणी पंचायत सगळीकडे टिकली असे नाही. काही गावांत ऊस पुन्हा शिरला, काही योजना विजेच्या बिलाखाली दबल्या. तरी समन्यायी वाटपाची जी भाषा पुढे सरकारी कागदांत आली, तिची मुळे पुरंदरच्या त्या माळावर आहेत.

मग सरकारला असे का करता येत नाही? अधिकारी आळशी असतात हे उत्तर मला पटत नाही. अनेक तरुण तहसीलदार आणि गटविकास अधिकारी तळमळीचे असतात. अडचण व्यवस्थेच्या हिशेबात आहे. काम केले आणि चुकले, तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, विभागीय चौकशी लागते, बढती अडते. काम केलेच नाही, फाइल ‘अधिक अभ्यासासाठी’ परत पाठवली, तर कुणी काही विचारत नाही. दहा वर्षे पाणी न मिळाल्याचा आक्षेप कुठल्याच लेखापरीक्षणात येत नाही. अशा व्यवस्थेत सल्लागार नेमणे हा शहाणपणाचा मार्ग ठरतो. सविस्तर प्रकल्प अहवाल येतो, तो जुना होतो, नवा मागवला जातो. दरम्यान सरकार बदलते आणि घोंगडे भिजत पडते.

हीच भीती आता घराघरांत शिरली आहे. एका परीक्षेच्या तयारीत पाच-सहा वर्षे घालवणारी मुले आपल्या गावोगावच्या अभ्यासिकांत बसलेली आहेत. त्यांच्या कष्टांविषयी मला नितांत आदर आहे. पण एक कोर्स संपला की दुसरा, एक प्रमाणपत्र मिळाले की पुढचे, आणि हाताला काम मात्र नाही, ही अवस्था त्यांनी निवडलेली नाही. चुकण्याची सवलत आपण त्यांना दिली नाही. पन्नास हजारांचा एक छोटा धंदा बुडाला तर घर, नातेवाईक आणि बँक मिळून मुलाला जन्मभर ऐकवतात. जो मुलगा कधी काहीच करत नाही त्याला ‘अजून अभ्यास करतोय’ म्हणून मान मिळतो. रामूअण्णांनी दोन वर्षे न खपलेल्या नांगरांकडे बघून धाकट्या भावाला घराबाहेर काढले असते, तर किर्लोस्करवाडी झाली नसती. किर्लोस्करांच्या पराक्रमात थोरल्या भावाचा वाटा किती, हे आपल्या चरित्रकारांनी अजून पुरेसे तोललेले नाही.

राज्य सरकारला माझी मागणी अगदी साधी आहे. प्रत्येक तालुक्याला दरवर्षी एक लहान रक्कम अशी द्यावी की जिच्यातून केलेला प्रयोग फसला तरी अधिकाऱ्यावर कारवाई होणार नाही. अट दोनच. प्रयोगाची जोखीम गावाच्या संमतीशिवाय गावावर पडता कामा नये. आणि काय केले, काय फसले, का फसले, याची नोंद वर्ष संपताना मराठीतून गावाच्या चावडीवर लागली पाहिजे. पैसा खाल्ला तर तुरुंग, पण प्रामाणिकपणे चुकले तर नोंद आणि पुढचा प्रयत्न, एवढा भेद शासनाला करता आला पाहिजे. पानशेतची खरी नोंद वेळेवर आणि उघडपणे सगळ्यांसमोर आली असती, तर पुढच्या कितीतरी धरणांवरचे अभियंते अधिक निर्भयपणे ‘थांबा’ म्हणू शकले असते.

आणि वाचकहो, तुमच्या घरातला कुणी येत्या दिवाळीनंतर काही लहानसे सुरू करू पाहत असेल, दोन गाईंचा गोठा, चार खुर्च्यांची खाणावळ, एका एकरावर नवे पीक, तर त्याला आणखी एक वर्ष विचार करायला सांगू नका. झेपेल एवढेच भांडवल घालायला सांगा, रोजची वही ठेवायला सांगा, आणि पहिल्या वर्षी तोटा झाला तर चारचौघांत त्याची बाजू घ्या.